मोहरीची चिनी मावशी

एखाद्या भाजीची ओळख तिच्या नावावरून करून घ्यायची ठरवली, तर बोक चॉयच्या बाबतीत माणूस पहिल्याच पावलाला अडखळतो. हे नाव कँटोनी भाषेतले. मूळ उच्चार 'बाक चोय'च्या जवळचा आणि अर्थ 'पांढरी भाजी'. देठ पांढरेशुभ्र, म्हणून पांढरी. पण शांघायच्या बाजारात तिची जी जात विकली जाते, तिचे देठ फिकट हिरवे असतात; तिथे ती 'चिंगत्साय', म्हणजे हिरवी भाजी. तीच जुडी बीजिंगला पोहोचली की 'योउत्साय' होते, म्हणजे तेलाची भाजी. फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरून चिनी माणसे फिलिपिन्सला गेली, तेव्हा त्यांच्या बोलीतले नाव तिथे 'पेचाय' होऊन राहिले. जपानचे चीनशी राजनैतिक संबंध १९७२ साली पुन्हा जुळले, त्यानंतर तिकडे ही भाजी सर्वत्र दिसू लागली आणि नावांचा इतका गोंधळ माजला की १९८३ साली तिथल्या कृषी मंत्रालयाला निर्णय द्यावा लागला : हिरव्या देठाची ती 'चिंगेन्साय' आणि पांढऱ्या देठाची ती 'पाकुचोय'.

आपल्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही. मोठ्या शहरांतल्या दुकानांत ही भाजी 'परदेशी भाज्या' अशा पाटीखाली ब्रोकोली आणि झुकिनीच्या शेजारी ठेवलेली असते. 'चायनीज कॅबेज' हे लेबल कधी हिच्यावर असते, तर कधी गड्डा धरणाऱ्या लांबट नापा कोबीवर. त्यामुळे ही कोबीच्या घरातली असावी, असा बहुतेकांचा समज होतो.

या सगळ्या नावांत मला इंडोनेशियातले नाव सर्वांत शहाणपणाचे वाटते. तिथे हिला 'सावी सेंडोक' म्हणतात. सेंडोक म्हणजे चमचा, कारण देठ चमच्यासारखा खोलगट असतो. आणि सावी म्हणजे मोहरीच्या जातकुळीतली पालेभाजी. चमच्याची मोहरी! वनस्पतिशास्त्राला जे सांगायला बराच काळ लागला, ते तिथल्या भाजीवाल्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.

बोक चॉयचे शास्त्रीय नाव ब्रासिका रापा, उपजात चायनेन्सिस. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली या मंडळींची जात वेगळी, ब्रासिका ओलेरासिया. म्हणजे कोबी ही बोक चॉयची फार तर चुलत नातेवाईक. सख्खी भावंडे कोण म्हणाल, तर सलगम, म्हणजे टर्निप. उत्तर भारतात तेलासाठी पेरली जाणारी पिवळी आणि तपकिरी सरसों. लवकर तयार होणारी तोरिया. आणि वर उल्लेख केलेली नापा कोबी. एकीचा कंद खायचा, दुसरीचे बी घाण्यात घालायचे, तिसरीचा पाला शिजवायचा, आणि तरीही या सगळ्या एकाच जातीच्या. शेजारी फुलल्या तर मधमाशी त्यांचा बिनदिक्कत संकर घडवते. प्रत्येकीत गुणसूत्रांच्या जोड्या दहा.

ही जात माणसाने प्रथम कुठे लावली, यावर पुष्कळ वाद झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने बोट ठेवले ते हिंदुकुश पर्वताच्या आसपासच्या मध्य आशियावर, आणि काळ सांगितला सुमारे साडेतीन ते सहा हजार वर्षांपूर्वीचा. तिथे ती बहुधा कंदासाठी किंवा तेलबियांसाठी लावली जात होती. तिथून एक वाट आपल्या उपखंडात उतरली, आणि आपण बियांचे तेल काढू लागलो. दुसरी वाट पूर्वेला चीनमध्ये गेली, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रुंद पानांची, जाड देठांची रोपे निवडत नेली. त्याच निवडीतून बोक चॉय घडली. पुढे तिच्या आणि सलगमच्या संकरातून गड्डा धरणारी नापा कोबी उद्भवली, असे मानले जाते.

मग आपल्या फोडणीतल्या मोहरीचे काय? तिचे बोक चॉयशी नाते शोधायचे, तर एका विलक्षण माणसाची ओळख करून घ्यावी लागते.

त्याचे नाव ऊ जांग-चुन. जपानी उच्चारात नागाहारू ऊ. जन्म १८९८, टोकियो. वडील कोरियन लष्करी अधिकारी. १८९५ साली कोरियाच्या राणी मिन यांची हत्या झाली, त्या कटात त्यांचे नाव आले आणि ते जपानला पळाले. तिथे त्यांनी जपानी स्त्रीशी लग्न केले. १९०३ साली एका कोरियन माणसाने त्यांना गाठून ठार केले. पाच वर्षांच्या या मुलाला काही काळ अनाथाश्रमात काढावा लागला. कोरियनांच्या लेखी तो देशद्रोह्याचा मुलगा, जपान्यांच्या लेखी कोरियन. शेतकी शिकून तो सरकारी प्रयोगक्षेत्रावर लागला, आणि तिथे मोहरीवर्गीय वनस्पतींचे संकर करत बसला.

मोरिनागा या जपानी संशोधकाने आधीच या वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळवून पाहिल्या होत्या. ऊ यांनी १९३५ सालच्या निबंधात त्याला प्रत्यक्ष प्रयोगाची जोड दिली. ब्रासिका रापा आणि कोबीची ब्रासिका ओलेरासिया यांच्या संकरातून त्यांनी निसर्गात आधीपासून असलेली तिसरी जात, म्हणजे युरोपात तेलासाठी पिकणारी रेप, पुन्हा घडवून दाखवली. दहा अधिक नऊ, एकोणीस. दोन वेगळ्या जाती एकत्र येऊन एक तिसरी, स्थिर आणि वंश चालवणारी जात निर्माण होऊ शकते, ही कल्पना त्या काळी पचायला जड होती. ऊ यांनी तीन मूळ जाती त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर आणि त्यांच्या संकरातून झालेल्या तीन जाती तीन बाजूंवर मांडल्या. 'ऊचा त्रिकोण' म्हणून ही आकृती आजही जगभरच्या शेतकी महाविद्यालयांत शिकवली जाते.

त्या त्रिकोणाच्या एका बाजूवर आपली मोहरी आहे. राई म्हणून ओळखली जाणारी ही मोहरी, ब्रासिका जुन्सिया, रापा आणि काळी मोहरी या दोघींच्या संकरातून झाली. दहा अधिक आठ, अठरा. हरितद्रव्याच्या कणांतला डीएनए वनस्पतीत सहसा आईकडून येतो. तो तपासल्यावर असेही दिसले, की या संकरात आईची भूमिका रापाची होती. बोक चॉय हे त्याच रापाचे एक रूप. म्हणजे मोहरीच्या आईची ती बहीण. मराठीत या नात्याला मावशी म्हणतात, आणि मी ते शीर्षकात लाडाने नव्हे, हिशेबाने वापरले आहे.

ऊ यांची पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९५० साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पत्नी आणि मुले जपानमध्ये ठेवून ते कोरियात गेले. कोरियाचे भाजीचे बियाणे तोवर जपानमधून यायचे. स्वातंत्र्यानंतर ते तुटले होते, आणि किमचीसाठी लागणारी नापा कोबी आणि मुळा यांच्या चांगल्या बियाण्याचीच चणचण होती. ऊ यांनी ती वाणे तिथे उभी केली. १९५३ साली जपानमध्ये त्यांची आई वारली, तेव्हा सरकारने त्यांना अंत्यविधीला जाऊ दिले नाही. सांत्वनादाखल लोकांनी पाठवलेल्या पैशांतून त्यांनी प्रयोगक्षेत्राजवळ एक विहीर खोदवली आणि तिला आईच्या दुधावरून नाव दिले. १९५९ साली ते सेऊलमध्ये वारले. कोरियात सामान्य माणूस त्यांना बिनबियांच्या कलिंगडाचे जनक समजतो. ते श्रेय खरे तर किहारा या जपानी शास्त्रज्ञाचे. लोकांना लक्षात ठेवायला कलिंगड सोपे जाते, त्रिकोण नाही, इतकेच.

*

चीनमध्ये या भाजीचे जुने नाव 'सोंग'. या अक्षरात पाइन वृक्षाचे चिन्ह आहे आणि त्याच्या डोक्यावर गवताचे. पाइनसारखी कडाक्याच्या थंडीत तगून राहणारी, म्हणून सोंग, असा अर्थ चिनी कोशकारांनी लावला आणि सोळाव्या शतकातल्या ली शिचेन यांच्या प्रसिद्ध औषधिकोशातही तो आला. पाचव्या शतकात नानचिंगजवळच्या डोंगरात चोउ योंग नावाचा एक अधिकारी राहत असे. चिनी भाषेतले चार सूर ओळखून त्यांची मांडणी करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी हा एक; बौद्ध मताचा आणि शाकाहारी. युवराजाने त्याला विचारले, भाज्यांत सगळ्यांत चवदार कोणती? त्याने दोन नावे घेतली : वसंताच्या आरंभी आलेली कोवळी कांद्याच्या कुळातली पात आणि शरद सरता सरता आलेला सोंग. चिनी साहित्यात हे उत्तर दीड हजार वर्षे फिरते आहे.

त्या उत्तरात 'सरता सरता' हा शब्द महत्त्वाचा. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात भात काढल्यावर ही भाजी लावतात, आणि पहिले दव गोठेपर्यंत जाणते लोक तिची वाट पाहतात. थंडी पडली की रोप आपल्या पेशींतले पाणी गोठू नये म्हणून साठवलेल्या पिष्टाची साखर करू लागते. हिवाळ्यातली जुडी त्यामुळे खरोखरच गोड लागते, यात कवितेचा भाग नाही. शांघायला त्या दिवसांत 'त्सायफान' करतात : चिरलेली भाजी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे तेलात परतायचे, त्यावर तांदूळ टाकून भात शिजवायचा. तळाशी धरलेली खरपुडी घरातल्या मुलांच्या वाट्याची. मांस वगळले तर आपल्या मेथीभाताच्या फार जवळचा हा प्रकार. दक्षिणेला क्वांगतोंगमध्ये हवा उबदार. तिथले लोक हिवाळ्यात ही भाजी उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर उन्हात वाळवतात आणि वर्षभर सूपात घालतात. वाळलेल्या भाजीला एक मातकट, खोल वास येतो. ताज्या भाजीतून तो कधीच मिळत नाही.

भाजीवरून माणसाचा स्वभाव सांगण्याची पद्धतही तिकडे आहे. हिरवे आणि पांढरे या दोन शब्दांचा जोड चिनी भाषेत 'निष्कलंक' या अर्थाने वापरला जाणाऱ्या शब्दासारखाच उच्चारला जातो, त्यामुळे चित्रकारांनी ही भाजी पुन्हा पुन्हा रंगवली. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात हिरव्या-पांढऱ्या जेडमध्ये कोरलेली अशी एक पालेभाजी आहे, तिच्यावर किडे बसलेले. तिच्यासाठी लोक तिकीट काढून रांग लावतात.

*

आता पोषणाकडे येतो, कारण माझ्या मते बोक चॉयविषयी मराठीत काही सांगण्याजोगे असेल तर ते इथेच आहे. आणि दुकानातल्या पाकिटांवर नेमके तेच लिहिलेले नसते. पाकिटावर 'सुपरफूड' एवढाच शब्द असतो. या शब्दाने आजवर भाजीची किंमत वाढवण्याखेरीज काही केल्याचे मला आढळलेले नाही.

कच्च्या बोक चॉयच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९५ ग्रॅम पाणीच असते. ऊर्जा १३ किलोकॅलरी, प्रथिने दीड ग्रॅम, क जीवनसत्त्व ४५ मिलिग्रॅम, अ जीवनसत्त्व चांगल्यापैकी, लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. रक्त वाढवण्यासाठी कोणी ही भाजी सुचवत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. कॅल्शियम सुमारे १०५ मिलिग्रॅम. पालकात ते सुमारे शंभर मिलिग्रॅम असते. तक्त्यात दोन्ही भाज्या शेजारी ठेवल्या तर फरक दिसत नाही.

शरीरात मात्र फरक पडतो, आणि तो थोडाथोडका नाही. हा फरक मोजून दाखवला तो अमेरिकेतल्या रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर या दोन संशोधकांनी, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे. त्यांची रीत मला फार आवडते. भाजी पाण्यात वाढवायची, आणि त्या पाण्यात कॅल्शियमचे असे समस्थानिक मिसळायचे की जे नंतर ओळखता येईल. भाजी ते शोषून पानात साठवते. ती शिजवून माणसांना खायला द्यायची आणि मग रक्तात त्यातले किती उतरले हे मोजायचे. जणू कॅल्शियमच्या प्रत्येक कणाला खूण करून पाठवले आहे. पालकातले जेमतेम ५ टक्के कॅल्शियम शरीराने घेतले. दुधातले सुमारे ३२ टक्के. बोक चॉयमधले ५० टक्क्यांहून अधिक.

कारण आहे ऑक्झॅलिक आम्ल. पालकात ते भरपूर असते, आणि ते कॅल्शियमला असे धरून ठेवते की आतड्यात ते सुटत नाही. मराठी घराला हे पटवायला प्रयोगशाळा नको. अळू घशाला खाजते, म्हणून आपण त्यात चिंच घालतो. ती खाज कशाची? अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. कॅल्शियम आहे, पण सुईच्या रूपात. माठ, चुका, राजगिरा यांतही ऑक्झॅलेटचे प्रमाण मोठे. मोहरीच्या कुळाचा स्वभाव वेगळा : या घराण्यातल्या बहुतेक भाज्या ऑक्झॅलेट साठवतच नाहीत.

याचा हिशेब असा. एक पेला दुधातून शरीराला जेवढे कॅल्शियम मिळते, तेवढे मिळवायला वीव्हर यांच्या गणिताप्रमाणे शिजवलेल्या बोक चॉयच्या अर्ध्या कपाचे सव्वादोन वाढे पुरतात. पालकाचे सोळा वाढे लागतील. वाचकांनी 'म्हणजे दूध सोडून द्यावे' असा अर्थ काढू नये. एकदम जास्त कॅल्शियम घेतले की त्यातला शोषला जाणारा वाटा कमी होतो. दुधाच्या पेल्यात कॅल्शियम जास्त, म्हणून त्याची टक्केवारी थोडी कमी दिसते. पण पालकाची ५ टक्केवारी या सबबीने सुटत नाही.

हा प्रश्न आपल्यासाठी केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. प्रौढ माणसाला रोज किती कॅल्शियम लागते, याची भारतीय शिफारस २०१० साली ६०० मिलिग्रॅम होती. २०२० साली ती १००० करण्यात आली. ज्या घरात दूध चहापुरतेच येते, त्या घरातल्या पन्नाशीच्या बाईने ही वाढ कुठून भरून काढायची? तिला बहुधा 'पालेभाज्या खा' असे सांगितले जाते. कोणत्या, हे सांगितले जात नाही. बोक चॉयने मला हे 'कोणत्या' शिकवले, आणि म्हणून या पाहुणीचे मी आभार मानतो; पण तिच्यासाठी मोठ्या दुकानात जायची गरज नाही. मुळा घेताना भाजीवाला जो पाला मोडून टाकू का विचारतो, तो याच कुळातला. नवलकोलाची पाने, जी आपण बहुतेक टाकूनच देतो, तीही याच कुळातली. मोहरीचा पाला थंडीत मिळाला तर तोही. मावशी महाग वाटली तर भाची आहेच.

*

कच्च्या बोक चॉयविषयी मात्र एक इशारा द्यायला हवा. सकाळी हिरव्या पानांचा रस पिण्याची टूम सध्या जोरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोहरी फेसण्याची क्रिया आठवा. कोरडी मोहरी चावली तर थोडी कडवट लागते, पण नाकात जात नाही. तीच पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येते. मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये असतात आणि मायरोसिनेज नावाचे विकर वेगळ्या कप्प्यात असते. पेशी फुटल्या आणि पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते आणि तो झणका तयार होतो. फोडणीच्या तापलेल्या तेलात हे विकर मरते. म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. बोक चॉयमध्ये हीच यंत्रणा सौम्य प्रमाणात आहे. या क्रियेतून तयार होणारी काही द्रव्ये थायरॉइड ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत. शिजवल्यावर विकर निकामी होते आणि धोका बराच ओसरतो.

न्यूयॉर्कमधल्या एका ८८ वर्षांच्या चिनी बाईंची नोंद २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. मधुमेह आटोक्यात येईल या समजुतीने त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बोक चॉय कच्ची खात होत्या. थायरॉइड जवळजवळ बंद पडून बेशुद्धीच्या अवस्थेपर्यंत जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. रोज दीड किलो कोणी खात नाही, हे खरे. पण दीड किलो पाला मिक्सरमधून काढला तर तो किती सहज पोटात जाईल, याचा विचार करावा. चीनमध्ये ही भाजी जवळजवळ नेहमीच शिजवून खाल्ली जाते, आणि ज्यांनी शेकडो वर्षे ती खाल्ली त्यांच्या सवयीला मी नव्या टूमेपेक्षा जास्त किंमत देतो. शिजवलेली वाटीभर भाजी निरोगी माणसाला काही करत नाही. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, तसेच रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र कोणतीही पालेभाजी अचानक वाढवू वा बंद करू नये आणि डॉक्टरांना विचारावे. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व त्यातल्या काही गोळ्यांच्या कामात अडथळा आणते.

शिजवण्याचे सूत्र एकच : देठ आणि पान या दोन वेगळ्या भाज्या आहेत असे समजायचे. देठ पाणीदार आणि कुरकुरीत, त्याला तीन-चार मिनिटे लागतात. पान अर्ध्या मिनिटात बसते. आधी बुडखा कापून देठ उलगडून धुवावेत. चमच्यासारख्या खोलगटात माती अडकून बसते, वरून पाणी ओतून ती जात नाही. कँटोनी पद्धत अगदी साधी. मोठी आच, तेल, ठेचलेला लसूण, मग देठ, मीठ, शेवटी पाने, आणि पाने लवंडली की लगेच उतरवायचे. झाकण ठेवायचे नाही. ठेवले तर पाणी सुटून भाजी उकडल्यासारखी होते आणि हिरवा रंग काळवंडतो. सोया सॉस घालायलाच हवा असे मुळीच नाही. शांघायकडे वाळवलेली शिताके अळिंबी भिजवून, परतून, हिरव्या देठांच्या कडेने मांडतात. पाहुण्यांच्या जेवणात ती असते.

आपल्या पद्धतींपैकी पातळभाजी हिला मानवत नाही. पालक किंवा चाकवतासारखी ही घोटून एकजीव होत नाही, डाळीत नुसती तरंगत राहते. पीठ पेरून मात्र ती सुरेख होते, मुळ्याच्या पाल्यासारखी. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, चिरलेले देठ. ते पारदर्शक होत आले की पाने. मग भाजलेले बेसन भुरभुरवत हलवायचे. देठातून सुटलेले पाणी बेसन पिऊन टाकते आणि वरून पाणी शिंपडावे लागत नाही. भाचीच्या फोडणीत मावशी शिजते, आणि दोघींची चव एकमेकींना ओळखते, असे मला तरी वाटते.

*

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तिच्या पेरणीचाच काळ असेल. सपाटीवरच्या महाराष्ट्रात ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा उत्तम मोसम. तिला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. बी मोहरीएवढेच, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकायचे. तीन ते पाच दिवसांत उगवते. गच्चीवर वीतभर खोल कुंडी पुरते, कारण मुळे वरवरच पसरतात. दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. विरळणी करताना उपटलेली रोपे भाजीतच घालावीत. तीस दिवसांत कोवळी जुडी मिळते, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पूर्ण वाढलेली. बाहेरची पाने कापत राहिले तर एकाच रोपाकडून तीन-चार आठवडे भाजी घेता येते.

पाणी अनियमित झाले, तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. लोक याला रोग समजून औषध फवारतात. खरे कारण पुन्हा कॅल्शियमच आहे. रोपात कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते, आणि ज्या पानातून जास्त बाष्प उडते तिकडे जाते. आतली मिटलेली पाने आधीच उपाशी. त्यात एक दिवस माती सुकली की त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. बाहेरच्या जून पानांत जमलेले कॅल्शियम परत काढून आत पाठवण्याची सोय रोपाकडे नाही. तेव्हा औषध नको, रोज थोडे पाणी हवे. आणि खाताना बाहेरची पाने टाकून देऊ नयेत.

कीड म्हणाल तर मावा, आणि दुसरा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याच्या अळ्या पानांना खिडक्या पाडतात. कोबीसाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने एक युक्ती सुचवली आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायच्या, त्यातली एक कोबीच्या आधी पंधरा दिवस. पतंग अंडी घालायला मोहरीवर जातात, आणि फवारायचे तर तेवढ्याच ओळी फवाराव्या लागतात. शेतकरी याला सापळा पीक म्हणतात. गच्चीवर कडेच्या दोन कुंड्यांत मूठभर मोहरी टाकून हे करून पाहता येते.

कोवळेपणी कडाक्याची थंडी लागली आणि पाठोपाठ दिवस मोठे होऊ लागले, की रोप फुलावर येते. म्हणून जानेवारीत उशिरा पेरलेली बोक चॉय पानांऐवजी दांडाच वर काढते. हे नुकसान मानायचे कारण नाही. कळ्यांसह तो दांडा कोवळा असताना खुडून परतला, तर तीही चांगली भाजी होते. चीनमध्ये खास दांड्यासाठी वाढवलेल्या जाती आहेत. काही रोपे तशीच सोडली तर पिवळी चार पाकळ्यांची फुले येतात, हुबेहूब सरसोंच्या शेतातली. मधमाश्या जमतात. बी धरायचे असेल तर निदान पाच-सहा रोपे एकत्र फुलू द्यावीत, कारण बहुतेक रोपे स्वतःच्या परागाने फळत नाहीत. आणि शेजारी सलगम किंवा सरसों फुललेली असेल तर मच्छरदाणी बांधून हाताने पराग फिरवावेत; नाहीतर पुढच्या वर्षी पान धड ना मावशीचे, ना दुसऱ्या कोणाचे. कडेच्या कुंडीतल्या राईची तेवढी धास्ती नाही, तिच्याशी संकर क्वचितच होतो.

शेंगा पिवळ्या पडल्या की दांडे कापून कागदी पिशवीत उलटे टांगावेत. आठवड्याभरात बी खाली पडते. लाल-तपकिरी, गोल, मोहरीच्या दाण्याहून वेगळे ओळखू न येणारे. डबीवर नाव लिहून ठेवावे. घरच्या बियांची डबी कोणी चुकून फोडणीत टाकली तर बिघडत काही नाही, ती तडतडतेही तशीच. पण बाजारातल्या पाकिटातले बी बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते, ते स्वयंपाकघरात येताच कामा नये.